एक स्कॅन, तीन नोंदी

तक्रार ऐकायला साधी होती. गोदामातला माल मोजायचं आमचं एक अ‍ॅप आहे. हातात ब्लूटूथ स्कॅनर, ट्रॉलीवर फोन. खोक्यावरचा बारकोड वाचला की फोनमध्ये एक नोंद पडते आणि मोजणी एकाने वाढते. तिथल्या सुपरवायझरनी कळवलं, "सकाळी आकडा बरोबर असतो. दुपारच्या सुट्टीनंतर एका खोक्याच्या दोन नोंदी पडायला लागतात. संध्याकाळपर्यंत तीन." आणि जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली: स्कॅनर लांब जाऊन जोडणी तुटली की कधीकधी अ‍ॅपच बंद पडतं.

आम्ही याची दोन तिकिटं, म्हणजे दुरुस्तीची दोन कामं, केली आणि दोन वेगळ्या माणसांना वाटून दिली. ही पहिली चूक. दोन्हींचं मूळ एकाच जागी होतं, पण ते कळायला आठवडा गेला.

अ‍ॅपची पार्श्वभूमी थोडक्यात. मूळ अ‍ॅप झॅमरिन फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल-साधनात लिहिलेलं होतं. १ मे २०२४ ला झॅमरिनला मायक्रोसॉफ्टचा असलेला आधार संपला, त्याच्या आगेमागे आम्ही ते झॅमरिनच्या जागी आलेल्या डॉटनेट माउईवर आणलं. सी शार्प या भाषेतला एकच कोड, अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हीकडे. पडदे नव्याने लिहिले, पण स्कॅनरशी बोलणारा भाग जुना होता तसाच उचलून ठेवला. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा" हे वाक्य त्या बैठकीत मीच बोललो होतो.

आधी संशय स्कॅनरवर

दुहेरी नोंद म्हटल्यावर पहिला संशय यंत्रावर जाणं स्वाभाविक आहे. ट्रिगर सैल असेल, स्कॅनर एकच कोड दोनदा पाठवत असेल. म्हणून एक नियम घातला: तोच कोड दोन सेकंदांच्या आत पुन्हा आला तर सोडून द्यायचा.

याने काम बिघडलं. एकाच मालाची वीस खोकी रांगेत असतात आणि सगळ्यांवर बारकोड एकच असतो. सरावलेला माणूस सेकंदाला एक खोकं सहज वाचतो. आमच्या नियमाने खऱ्या नोंदी गळायला लागल्या, आणि दुहेरी नोंदी मात्र जशाच्या तशा राहिल्या! नियम काढून टाकला, माफी मागितली, पुढे गेलो.

इथे थांबून विचार करायला हवा होता. तोच कोड दोन सेकंदांत आला तर टाकायचा असा स्पष्ट नियम असताना दुसरी नोंद आत शिरली कशी? आधीचा कोड आम्ही पडद्यामागच्या व्ह्यूमॉडेलच्या (पडद्याची माहिती आणि काम सांभाळणाऱ्या वस्तूच्या) एका फील्डमध्ये ठेवत होतो. दुसरी नोंद त्या फील्डला चुकवून गेली, याचा अर्थ ती त्या व्ह्यूमॉडेलमधून आलीच नव्हती. ती दुसऱ्याच व्ह्यूमॉडेलमधून आली होती, आणि त्याच्यापुरता तो कोड पहिल्यांदाच आलेला होता. पुरावा हातात होता, आम्ही तो परत ड्रॉवरमध्ये टाकला.

मग कोणीतरी डेटाबेस उघडून वेळा पाहिल्या. तीन नोंदी, एकमेकींपासून तीन-चार मिलिसेकंदांवर. माणसाचं बोट इतक्या वेगाने ट्रिगर दाबू शकत नाही, सैल ट्रिगरही इतका नियमित वागत नाही. स्कॅनर निर्दोष सुटला. एकच कोड आमच्याच घरात तीन ठिकाणी ऐकला जात होता.

बॅक आणि होम

आमच्या टेबलावर मात्र काहीच होत नव्हतं. शेवटी गोदामातल्या दोघांना फोन लावला. दोघांकडे एकाच मॉडेलचे फोन, एकाच आवृत्तीचं अ‍ॅप. एकाकडे दुहेरी नोंदी रोज, दुसऱ्याकडे एकदाही नाही. दिवसभर काय काय करता ते क्रमाने सांगा म्हटलं, तर फरक एवढाच निघाला: "सुट्टी झाली की मी बॅक दाबत दाबत बाहेर पडतो." दुसरा म्हणाला, "मी सरळ होम दाबतो."

होम दाबलं की अ‍ॅप मागे जातं. अँड्रॉइडच्या भाषेत अ‍ॅक्टिव्हिटी (अ‍ॅपचा पडदा दाखवणारा भाग) थांबते, पण जिवंत राहते. बॅकचं तसं नाही. अँड्रॉइड ११ आणि त्याआधी, पहिल्या पडद्यावर बॅक दाबलं की सिस्टीम ती अ‍ॅक्टिव्हिटी संपवून टाकते. प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालणारं अख्खं अ‍ॅप, मात्र मारत नाही. पुन्हा लागेल म्हणून ती तशीच मेमरीत ठेवते. माणूस पंधरा मिनिटांनी परत येतो तेव्हा त्याच जुन्या प्रोसेसमध्ये नवी अ‍ॅक्टिव्हिटी जन्माला येते. आमच्या कोडमधल्या सगळ्या स्टॅटिक गोष्टी, सगळे सिंगलटन (प्रोसेसभर एकच असणाऱ्या वस्तू), सकाळी होते तसेच तिथे हजर असतात. पडदा तेवढा नवा.

२०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून हे बदललं. लाँचरमधून उघडणाऱ्या मूळ अ‍ॅक्टिव्हिटीवर बॅक दाबलं तर आता ती संपत नाही, होम दाबल्यासारखी नुसती मागे जाते. आमच्या टीमचे फोन अँड्रॉइड १३ आणि १४ वाले. गोदामातले १० आणि ११ वाले. आम्ही दिवसभर बॅक दाबत बसलो असतो तरी काही दिसलं नसतं.

त्यात भर म्हणजे माउईचा तयार साचा. त्यातल्या मेनअ‍ॅक्टिव्हिटीवर स्क्रीनचा आकार, दिशा, गडद-उजळ रूप, घनता हे बदल आपले आपण हाताळू असं आधीच लिहिलेलं असतं. फोन आडवा केला तरी अ‍ॅक्टिव्हिटी पुन्हा बनत नाही. सोय मोठी आहे, पण त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे अ‍ॅपच, दोघांचं आयुष्य एकच, असा समज डेव्हलपरच्या डोक्यात घट्ट बसतो. त्या यादीत नसलेली एक गोष्ट म्हणजे अक्षरांचा आकार. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी करा आणि अ‍ॅपमध्ये परत या: अ‍ॅक्टिव्हिटी नवी, प्रोसेस जुनी. हे अँड्रॉइड १४ वरही घडतं. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज' चालू केलं तरी तेच. म्हणजे आमचा दोष नव्या फोनवरही दोन मिनिटांत दिसला असता. आम्ही तो स्विच कधी लावलाच नव्हता.

लावला. प्रत्येक व्ह्यूमॉडेलला जन्मताना एक क्रमांक दिला आणि लॉग लिहिला:

मोजणी-मॉडेल १ तयार, प्रोसेस ८८१२
मोजणी-मॉडेल १: कोड आला, नोंद केली
(बाहेर पडून परत आलो)
मोजणी-मॉडेल २ तयार, प्रोसेस ८८१२
मोजणी-मॉडेल १: कोड आला, नोंद केली
मोजणी-मॉडेल २: कोड आला, नोंद केली

प्रोसेस तीच, मॉडेल दोन. पडद्यावर दिसतंय ते दुसरं. पहिल्याचा पडदा कधीच गेला, पण ते अजून इमानेइतबारे मोजतंय. खोलीत दोन मिनिटं कोणी बोललं नाही.

कोणी कोणाला धरून ठेवलं होतं

स्कॅनरशी बोलणारी सेवा सिंगलटन होती. ते बरोबरच होतं. ब्लूटूथची जोडणी पडद्याबरोबर तुटून चालणार नव्हती. त्या सेवेवर 'कोड आला' असा एक इव्हेंट (ऐकणाऱ्यांना दिली जाणारी सूचना) होता आणि मोजणीच्या पानाचं व्ह्यूमॉडेल आपल्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे जन्मतानाच, त्याला += करून (ऐकणाऱ्यांच्या यादीत नाव घालून) घेत होतं. यादीतून नाव काढणारं -= कुठेच नव्हतं.

इव्हेंटच्या बाबतीत अनेकांचा दिशेचा घोळ होतो, माझाही बरीच वर्षं होत होता. मी तुझं ऐकतो म्हणजे मी तुला धरून आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं. += केलं की इव्हेंटवाल्याच्या यादीत ऐकणाऱ्याचा रेफरन्स (त्याला धरून ठेवणारा दुवा) जातो. सेवा व्ह्यूमॉडेलला धरते. सेवा प्रोसेस संपेपर्यंत मरणार नाही, म्हणजे व्ह्यूमॉडेलही मरणार नाही. आमच्या व्ह्यूमॉडेलकडे दुसऱ्या पानावर जाण्यासाठी स्वतःच्या पानाचा रेफरन्स होता. पानाकडे हँडलर (माउईच्या पानाला अँड्रॉइडशी जोडणारा भाग), हँडलरकडे अँड्रॉइडचा खरा व्ह्यू (पडद्यावरचा घटक), आणि अँड्रॉइडचा प्रत्येक व्ह्यू आपल्या कॉन्टेक्स्टला म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीला धरून असतो. एका विसरलेल्या -= च्या दोरीला अख्खी जुनी अ‍ॅक्टिव्हिटी लटकत होती.

क्रॉस-प्लॅटफॉर्ममध्ये ही दोरी दोन राज्यांच्या सीमेवरून जाते. सी शार्पचा एक गार्बेज कलेक्टर (कोणीच धरून नसलेल्या वस्तूंची मेमरी मोकळी करणारा) आहे, अँड्रॉइडच्या एआरटीचा (अ‍ॅप चालवणाऱ्या व्यवस्थेचा) दुसरा. अ‍ॅक्टिव्हिटी किंवा व्ह्यूसारख्या वस्तूचे दोन अर्धे असतात, एक जावाच्या बाजूचा, एक सी शार्पच्या बाजूचा, आणि मध्ये जेएनआयचा (जावा आणि इतर भाषा जोडणाऱ्या सोयीचा) ग्लोबल रेफरन्स. तो रेफरन्स आहे तोवर एआरटीला आपल्या अर्ध्याला हात लावता येत नाही. दोन्ही कलेक्टर एकमेकांशी जुळवून घेतात, त्यासाठी मध्ये पूल बांधलेला आहे. पण सी शार्पच्या बाजूने खरोखरच कोणी धरून ठेवलं असेल तर तो पूल काय करणार? तो नियमानेच चालतो. कलेक्टर बिघडला आहे असं म्हणायची सवय आपल्याला आहे. आमच्या प्रकरणात दोन्ही कलेक्टरांनी आपापलं काम चोख केलं होतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर महागडं काही लागत नाही. संगणकावरून फोनला एक आज्ञा द्यायची: 'एडीबी शेल डम्पसिस मेमइन्फो' आणि पुढे पॅकेजचं (अ‍ॅपचं) नाव. खाली ऑब्जेक्ट्सच्या भागात 'अ‍ॅक्टिव्हिटीज' अशी एक संख्या येते. अ‍ॅप उघडल्यावर १. पाच वेळा बॅक करून परत आलो, तेव्हा ६. एक अ‍ॅक्टिव्हिटी असलेल्या अ‍ॅपमध्ये सहा अ‍ॅक्टिव्हिटी, प्रत्येकीबरोबर तिचा सगळा पडदा.

दुसऱ्या तिकिटाचं उत्तरही इथेच मिळालं. झॅमरिनच्या काळापासून स्कॅनर-सेवेच्या कन्स्ट्रक्टरला अ‍ॅक्टिव्हिटी द्यावी लागत होती, कारण जोडणी तुटली की ती सेवा स्वतःच अँड्रॉइडचा डायलॉग दाखवायची. सेवा सिंगलटन, म्हणून कन्स्ट्रक्टर एकदाच चालला, आणि तिच्या हातात सकाळची पहिली अ‍ॅक्टिव्हिटी कायमची राहिली. दुपारी स्कॅनर लांब गेला, सेवेने मेलेल्या अ‍ॅक्टिव्हिटीवर डायलॉग उघडायचा प्रयत्न केला, आणि अँड्रॉइडने बॅडटोकनएक्सेप्शन (अ‍ॅप बंद पाडणारी एरर) फेकलं. त्या एक्सेप्शनच्या मजकुरात सिस्टीम चक्क विचारते की तुमची अ‍ॅक्टिव्हिटी चालू आहे ना! क्रॅशच्या तिकिटावर हा मजकूर पहिल्या दिवसापासून चिकटवलेला होता. ज्याच्याकडे ते तिकीट होतं त्याला दुहेरी नोंदींचं माहीत नव्हतं, आणि ज्याच्याकडे दुहेरी नोंदी होत्या त्याने हा मजकूर वाचला नव्हता.

अर्धवट दुरुस्त्या

कारण सापडल्यावर तासाभरात काम संपेल असं वाटलं. तीन दिवस लागले, कारण सुचलेला प्रत्येक उपाय थोडा थोडा बरोबर होता.

पहिला उपाय: पान दिसलं की ऐकायला लागायचं, पान झाकलं की थांबायचं. म्हणजे ऑनअपिअरिंगमध्ये += आणि ऑनडिसअपिअरिंगमध्ये -=. पहिल्याच चाचणीत लॉग तसाच, दोन मॉडेल बोलतायत. कोड पाहिला तर दोन्ही ओळींत तोच लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची मेथड) पुन्हा लिहिलेला. दिसायला अक्षरशः एक, पण दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलेले लॅम्डा म्हणजे दोन वेगळे डेलिगेट (इव्हेंटच्या यादीत जाणाऱ्या वस्तू). यादीत नसलेली गोष्ट काढायला सांगितली की -= गप्प राहतं: एररही नाही, इशाराही नाही. लॅम्डाच्या जागी नाव असलेली मेथड घातली, मग जुनं मॉडेल गप्प झालं. आणि लगेच नवी तक्रार उभी राहिली. मोजणीच्या पानावरून मालाच्या तपशिलाचं पान उघडलं की मोजणीचं पान झाकलं जातं, ऑनडिसअपिअरिंग चालतं, आणि तपशील पाहता पाहता वाचलेली खोकी हवेत जातात. पान दिसणं आणि पान असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा उपाय एका सहकाऱ्याचा. "वीक रेफरन्स वापर ना, मग विसरलं तरी चालेल." मेमरीच्या दृष्टीने त्याचं म्हणणं खरं होतं. सेवा जर ऐकणाऱ्याला सैल हाताने धरत असेल तर जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मोकळी होईल. पण कधी? कलेक्टर फिरेल तेव्हा. तोवर जुनं मॉडेल जिवंत आहे, ऐकतं आहे आणि नोंदी करतं आहे. म्हणजे परत आल्यावर पहिली काही मिनिटं दुहेरी नोंदी, मग अचानक बंद. फोनवर मेमरी कमी असेल तर लवकर बंद, जास्त असेल तर उशिरा. पक्का सापडणारा दोष आम्ही स्वतःच्या हाताने लहरी करून टाकला असता. वीक रेफरन्सला माझा विरोध नाही. त्याच अ‍ॅपमध्ये दुसरीकडे निरोप पोचवायला आम्ही वीकरेफरन्समेसेंजरच वापरतो. पण 'याने आता ऐकायचं थांबवावं' हा निर्णय कलेक्टरवर सोपवता येत नाही. त्याला मोकळी जागा हवी असते, तुमच्या मोजणीशी त्याचं देणंघेणं नसतं.

तिसरा उपाय: व्ह्यूमॉडेलला आयडिस्पोजेबल करायचं आणि डिस्पोजमध्ये (संपताना आवराआवर करणाऱ्या मेथडमध्ये) -= लिहायचं. हा विचार योग्य दिशेचा होता. फक्त डिस्पोज बोलावणार कोण हे कोणी ठरवलं नाही. डिपेन्डन्सी इंजेक्शनचा कंटेनर (हव्या त्या वस्तू बनवून पुरवणारा भाग) बोलावेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. कंटेनर बोलावतो, पण स्वतः बंद होताना. आमचा अ‍ॅप-क्लास सिंगलटन, त्याच्याकडे आलेला सर्व्हिस प्रोव्हायडर मुळाचा, आणि मुळाचा कंटेनर प्रोसेस संपेपर्यंत उघडाच. भरीस भर म्हणजे ट्रान्झियंट म्हणून (मागितली की दर वेळी नवी) नोंदवलेली वस्तू जर डिस्पोजेबल असेल तर कंटेनर तिला नंतर आवरण्यासाठी स्वतःकडे धरून ठेवतो. आधी मॉडेलला एक जण धरून होता, आता दोन झाले. इव्हेंटची दोरी हाताने तोडून पाहिली तरी मेमइन्फोमधला आकडा वाढतच राहिला, तेव्हा हे लक्षात आलं. ट्रान्झियंट म्हणजे वापरा आणि विसरा, हा समज आमच्या टीममध्ये त्या दिवशी मोडला.

मेनअ‍ॅक्टिव्हिटीच्या ऑनडिस्ट्रॉयमध्ये सगळ्यावर डिस्पोज मारून पाहण्याचाही एक प्रयोग झाला. परिणाम असा की जुनं मॉडेल अजून यादीत, त्याच्या हातातली वस्तू मात्र रिकामी. पुढच्या स्कॅनला ऑब्जेक्टडिस्पोज्डएक्सेप्शन. दुहेरी नोंदीपेक्षा क्रॅश बरा की वाईट यावर थोडा वाद झाला. तो प्रयोग तासाभरात मागे घेतला.

विंडोएवढं आयुष्य

आमच्या कोडमध्ये दोनच आयुष्यं होती: प्रोसेसएवढं आणि पानाएवढं. मोजणी करणाऱ्या मॉडेलचं आयुष्य या दोन्हींच्या मधलं आहे. ते तपशिलाचं पान उघडल्याने संपू नये, पण अ‍ॅक्टिव्हिटी गेल्यावर राहूही नये. माउईत या आयुष्याला नाव आहे: विंडो. अँड्रॉइडवर अ‍ॅक्टिव्हिटी नव्याने बनली की अ‍ॅप-क्लासमधलं क्रिएटविंडो पुन्हा बोलावलं जातं, आणि अ‍ॅक्टिव्हिटीच्या ऑनडिस्ट्रॉयबरोबर विंडोचा डिस्ट्रॉइंग इव्हेंट येतो.

म्हणून क्रिएटविंडोमध्ये आम्ही कंटेनरचा एक नवा स्कोप (ठरावीक काळापुरता छोटा कंटेनर) उघडतो. मोजणीचं पान आणि मॉडेल त्या स्कोपमधून येतात, नोंदणी ट्रान्झियंटऐवजी स्कोप्ड. विंडोच्या डिस्ट्रॉइंगमध्ये स्कोप बंद होतो. स्कोप बंद झाला की तोच मॉडेलचं डिस्पोज बोलावतो, त्यात -= आहे, आणि ते नाव असलेल्या मेथडवर आहे. एकूण बदल वीसेक ओळींचा.

पण याहून महत्त्वाचा बदल दुसरा होता आणि तो कोडपेक्षा विचाराचा होता. नोंद करणं हे पडद्याचं काम होतंच कशाला? पडदे दोन असोत की पाच, खोकं एक आहे. नोंद लिहिण्याचं काम आम्ही प्रोसेसएवढ्या आयुष्याच्या नोंदवहीकडे दिलं. सेवा कोड वाचते, नोंदवही तो एकदाच एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहिते, आणि व्ह्यूमॉडेल फक्त नोंदवहीकडे पाहून आकडा दाखवतं. आता कुठे एखादं -= राहून गेलं तर मेमरी गळेल, पण मोजणी चुकणार नाही. मेमरीची गळती मी नंतर शोधू शकतो. चुकीचा साठा ग्राहकाच्या हिशेबात जाऊन बसतो.

डायलॉगचं काम सेवेकडून काढून घेतलं. सेवा फक्त 'जोडणी तुटली' एवढं कळवते. ते दाखवायचं की नाही हे जिवंत विंडो ठरवते. जिथे अँड्रॉइडची अ‍ॅक्टिव्हिटी खरोखरच हवी होती, तिथे ती त्या क्षणी प्लॅटफॉर्म.करंटअ‍ॅक्टिव्हिटीकडून मागून घेतो, वापरतो, आणि फील्डमध्ये ठेवत नाही.

यातून एक प्रश्न निघाला जो तांत्रिक नव्हता. बॅक दाबून माणूस बाहेर पडला, पडदा नाही, पण प्रोसेस आणि जोडणी दोन्ही जिवंत आहेत. अशा वेळी चुकून ट्रिगर दाबला तर नोंद व्हावी का? आधी भूत-मॉडेल ती करत होतं, म्हणजे आमच्या नकळत उत्तर 'हो' होतं. सुपरवायझरना विचारलं. ते म्हणाले, "पडदा दिसत नसेल तर नोंद नको, माणसाला कळणारच नाही." एकही विंडो नसेल तेव्हा सेवा आता आलेला कोड सोडून देते.

राहता राहिला प्रोसेसच मेल्याचा प्रसंग. मागे गेलेली प्रोसेस अँड्रॉइड हवी तेव्हा मारू शकतं, आणि तेव्हा डिस्ट्रॉइंग येईलच याची हमी नाही. म्हणून अर्धवट भरलेला शेरा, निवडलेली रांग असल्या गोष्टी आम्ही विंडोच्या स्टॉप्डमध्ये जपून ठेवतो. स्टॉप्ड अँड्रॉइडच्या ऑनस्टॉपबरोबर येतं आणि तिथवर पोचण्याची खात्री असते. परत आल्यावर रिझ्यूम्डमध्ये त्या गोष्टी वाचायच्या असं एकाने लिहिलं होतं, तेही बदललं: अ‍ॅप नव्याने सुरू होतं तेव्हा रिझ्यूम्ड येतच नाही, येतं ते क्रिएटेड. चाचणीसाठी अ‍ॅप मागे टाकून 'एडीबी शेल एएम किल' (प्रोसेस मारायची आज्ञा) द्यायचं आणि अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून परत यायचं. यादीतून अ‍ॅप वर सरकवून काढणं म्हणजे तीच चाचणी नव्हे, हे नव्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं.

आयओएसचं वेगळं दुखणं

आयफोनवर दुहेरी नोंदी कधीच पडल्या नाहीत. तिथे बॅक दाबून अ‍ॅपमधून बाहेर पडणं हा प्रकारच नाही. पण आकडे तपासायची सवय लागली होती म्हणून खराब मालाचा फोटो काढण्याचं पान दहा वेळा उघडून बंद केलं, तर दहाही पानं मेमरीत जिवंत.

कारण वेगळं होतं. आयओएसच्या वस्तू रेफरन्स मोजून जगतात. आमचा फोटोचा व्ह्यू सी शार्पमध्ये यूआयव्ह्यू या आयओएसच्या मूळ व्ह्यूपासून बनवलेला होता. बाहेरचा व्ह्यू आतल्या बटनाला सबव्ह्यू म्हणून धरतो, आतलं बटन सी शार्पच्या फील्डमधून बाहेरच्याला धरतं. निव्वळ सी शार्पमध्ये असं वर्तुळ कलेक्टर सहज ओळखतो. इथे वर्तुळाचा एक अर्धा ऑब्जेक्टिव्ह-सी या आयओएसच्या भाषेच्या बाजूला आहे, तो कलेक्टरला दिसत नाही, आणि वर्तुळ कायम राहतं. इथे मात्र आतून बाहेर जाणारा रेफरन्स वीक केला आणि काम झालं. त्या बटनाला स्वतःहून काही करायचं नव्हतं, फक्त बाहेरचा जिवंत असला तर त्याला हाक मारायची होती. आठवड्यापूर्वी जो उपाय आम्ही नाकारला तोच इथे चपखल बसला.

यासाठी एक छोटी चाचणी लिहिली: पान बनवायचं, वीक रेफरन्सने लक्षात ठेवायचं, सोडून द्यायचं, कलेक्टर फिरवायचा, आणि ते गेलं का पाहायचं. ती आधी प्रत्येक वेळी नापास होत होती, गळती नसलेल्या पानांवरही. डीबग बिल्डमध्ये मेथडमधली स्थानिक व्हेरिएबल मेथड संपेपर्यंत जिवंत धरली जातात. पान बनवणारा भाग वेगळ्या मेथडमध्ये काढून तिला इनलाइन करू नको (बोलावणाऱ्या मेथडमध्ये विरघळवू नको) असं कंपायलरला सांगितलं, तेव्हा चाचणी खरं बोलायला लागली.

आधीच्या नोंदींचं काय

नवी आवृत्ती गेली, अँड्रॉइड ११ वर पाच वेळा बॅक करून मेमइन्फो पाहिलं. कधी १, कधी २; कलेक्टर फिरवला की पुन्हा १. पण आधीच्या चुकीच्या नोंदी ग्राहकाच्या साठ्यात बसलेल्याच होत्या.

त्या ओळखायला मिलिसेकंद कामी आले. एकाच फोनवरून, एकाच कोडच्या, पन्नास मिलिसेकंदांच्या आत पडलेल्या नोंदी म्हणजे एकच खोकं. त्यातली पहिली ठेवली, बाकीच्या रद्द म्हणून खूण केल्या, पुसल्या नाहीत. हाताने वाचलेल्या दोन खऱ्या खोक्यांमधलं अंतर याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे इथे चुकण्याची भीती नव्हती.

उलट बाजू सुटली नाही. दोन सेकंदांच्या आमच्या नियमाने ज्या खऱ्या नोंदी गिळल्या होत्या त्यांचा कुठेही माग नव्हता, कारण टाकलेला कोड आम्ही लॉगमध्येसुद्धा लिहिला नव्हता. तो नियम किती वेळ चालू होता ती तारीख-वेळ काढली, त्या काळात मोजलेल्या रांगांची यादी सुपरवायझरना पाठवली, आणि त्या रांगा त्यांनी पुन्हा हाताने मोजून घेतल्या.